अठ्ठ्याऐंशी पॉइंट नऊ

किती वाजले असं अंकुशला विचारलं, तर तो साडेदहा म्हणत नसे. दहा एकतीस म्हणे, आणि वर आपलं घड्याळ चाळीस सेकंद पुढे असल्याची सूचना देई. अशा माणसाशी आपण लग्न का केलं, हा प्रश्न त्याच्या बायकोला, रुचिताला, अधूनमधून पडायचा. खरं सांगायचं तर अंकुशलाही पडायचा, पण त्यावर मोजून उत्तर देता येत नसल्यामुळे तो विषय बदलायचा.

दोष घराण्याचा होता. त्याचे वडील यादोराव जवाहरनगरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मापं तपासत होते. भोक बरोबर आहे का, दांडा बरोबर आहे का, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरातली भाकर एका बाजूला जाड झाली की ते ताटातच दोन बोटांनी दाबून पाहत आणि काही न बोलता ती बाजू बाजूला ठेवत. बापाने शंभरावा भाग पाहिला, म्हणून लेकाने हजारावा पाहायचं ठरवलं. अंकुश पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाला, पुढे किरणोत्साराचं शिक्षण घेतलं, सहा वर्षं मुंबईच्या एका इस्पितळात काढली, आणि भंडाऱ्याबाहेर महामार्गावर थायरॉइडच्या उपचाराचं छोटं केंद्र निघालं तेव्हा पहिला अर्ज टाकून घरी परतला.

तिथलं त्याचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, जरी तो स्वतः ते कधी एका वाक्यात सांगत नसे. गळ्यातल्या थायरॉइडचा कॅन्सर काढून टाकल्यावर जे काही कण मागे राहतात, ते जाळायला रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजतात. ते किती आहे हे पाजण्याआधी मोजायचं. कमी पडलं तर रोग उरतो, जास्त झालं तर चांगलं शरीर भाजतं. आणि हे आयोडीन बसल्या जागी विरत असतं; आठ दिवसांत अर्धं होतं. म्हणजे कालचा आकडा आज चालत नाही आणि सकाळचा दुपारी चालत नाही. जगात असा एक तरी पदार्थ आहे जो आपल्याला दर तासाला मोजावा लागतो, याचा अंकुशला मनापासून आनंद होता.

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की तो मासळीबाजारात जायचा, आणि जाताना खिशात वडिलांनी दिलेलं अर्ध्या किलोचं शिक्क्याचं वजन घेऊन जायचा. आंधळगावाकडून सखाबाई म्हणून एक ढिवरीण रोहू, मरळ, झिंगे घेऊन बसायची. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, तलावात नवऱ्याच्या बरोबरीनं जाळं ओढलेली बाई. अंकुश तिच्या काट्यावर स्वतःचं वजन ठेवायचा, वाकून पाहायचा आणि जाहीर करायचा, "सखाबाई, चाळीस ग्रॅम कमी भरते तुमचा काटा."

सखाबाई वरून मूठभर झिंगे टाकायची. चाळीसाच्या जागी दीडशे ग्रॅम.

"मले वरून नको. बरोबर पाहिजे."

"घ्या ना जी साहेब, मनानं देऊन राहिली."

"मनाचं माप नसते, सखाबाई. काटा तपासा."

हे चार वर्षं चाललं. मागे उभी गिऱ्हाइकं तोंड फिरवून हसायची. बाजारात त्याला 'पॉइंटवाले साहेब' असं नाव पडलं होतं. ते त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला बरं वाटलं, यावरून गडी कसा होता ते समजून घ्यावं.

या उन्हाळ्यात सखाबाईची जागा रिकामी दिसू लागली. अंकुशने शेजारच्या बाईकडून रोहू घेतला, तिचाही काटा तपासला, आणि विसरून गेला. मग मे महिन्यातल्या एका बुधवारी केंद्राच्या वॉर्डात तो गेला, तर खिडकीजवळच्या खाटेवर सखाबाई बसलेली. गळ्यावर आडवा व्रण, चेहरा सुजलेला, आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री तापमान असताना अंगात लोकरी स्वेटर.

नागपुरात ऑपरेशन झालं होतं. आयोडीन नीट लागू व्हावं म्हणून थायरॉइडच्या गोळ्या चार आठवड्यांपासून बंद होत्या. गळ्यातली ग्रंथी गेलेली आणि गोळ्याही बंद, त्यामुळे सगळं शरीरच मंदावलेलं. थंडी वाजायची, पाय उचलायला जड, शब्द एकामागून एक खेचून काढल्यासारखे. वर आयोडीनचं पथ्य म्हणून दोन आठवडे बाजारचं मीठ बंद, आणि मासळी बंद. जन्मात पहिल्यांदा.

तिने अंकुशला ओळखायला वेळ लावला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमीच मोजनार काय माह्यं औषध?"

"हो."

"मंग बरोबर भरन," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अंकुशने शोधून पाहिला.

गुरुवारी सकाळी आयोडीनची बाटली आली. शिशाच्या जाड डब्यात, सीलबंद, वर चिठ्ठी: बुधवारी दुपारी बारा वाजता एकशेदहा मिलीक्युरी किरणोत्सार. गुरुवारी सकाळी अकराला ते विरून एकशेएक पॉइंट तीन उरायला हवं होतं. सखाबाईला शंभर द्यायचं होतं. सगळं हिशेबात होतं.

मोजायचं यंत्र म्हणजे शिशाने वेढलेली एक अरुंद, खोल विहीर. बाटली एका लांब दांडीच्या वाटीत ठेवून विहिरीत सोडायची आणि समोरच्या पडद्यावर आकडा वाचायचा. त्या दांडीला केंद्रात सगळे पळी म्हणत, कारण ती दिसायला पळीसारखीच होती. मूळची पळी प्लास्टिकची. पंधरा दिवसांपूर्वी ती वाटीजवळ तडकली होती. कंपनीची नवी यायला दोन महिने लागणार होते, म्हणून अंकुशने ती घरी नेली आणि यादोरावांनी ती अशी काही दुरुस्त करून दिली, की अंकुशने ती सगळ्या कर्मचाऱ्यांना फिरवून फिरवून दाखवली होती. लांबी जशीच्या तशी, सांधा दिसत नव्हता, आणि वाटीभोवती मजबुतीसाठी चकचकीत पितळी कडं.

"याला म्हणतात काम," तो खुशबूला म्हणाला होता. खुशबू ही त्याची तंत्रज्ञ. दोन वर्षं झाली तिला इथे येऊन. शिकलेली, हाताने स्वच्छ. अंकुशने या दोन वर्षांत तिला एकदाही अधिकृत माप घेऊ दिलं नव्हतं. तो मोजायचा, ती लिहायची.

दुरुस्तीनंतरच्या या पहिल्याच खेपेला त्याने पळी विहिरीत सोडली. आकडा थांबला.

"अठ्ठ्याऐंशी पॉइंट नऊ."

खुशबूने लिहिलं आणि वर पाहिलं. अंकुशने पुन्हा मोजलं. पुन्हा अठ्ठ्याऐंशी पॉइंट नऊ. मग अठ्ठ्याऐंशी पॉइंट आठ. एकंदर सात वेळा मोजलं आणि सरासरी काढली. चुकलेलं माप सात वेळा घेतलं तर ते बरोबर होत नाही, फक्त पक्कं होतं, हे तो दरवर्षी शिकाऊ मुलांना फळ्यावर लिहून सांगायचा. त्या दिवशी फळा पुसलेला होता.

चिठ्ठीवरचा आकडा आणि यंत्राचा आकडा यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर कारण कळेपर्यंत औषध पाजायचं नाही, असा केंद्राचा नियम. तो नियम अंकुशनेच लिहिला होता. त्याच्या मसुद्यात दोन टक्के होते. केंद्राच्या डॉक्टर कामिनी यांनी हसून ते दहा केले होते. हा फरक बारा टक्क्यांच्या वर होता.

मग त्याने पत्र लिहिलं. आयोडीन पाठवणाऱ्या संस्थेला, आणि प्रत केंद्राच्या संचालकांना, डॉक्टरांना, मुंबईच्या जुन्या साहेबांना, मिळून अकरा जणांना. पत्रात 'मापातील अक्षम्य ढिसाळपणा' असे शब्द होते. 'एका गरीब कोळीण भगिनीच्या जीवाशी खेळ' असेही होते. पाठवायच्या आधी त्याने ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याला ते आवडलं.

वीस मिनिटांत तिकडून फोन आला. बोलणारा मृदू होता. "सर, याच खेपेतल्या बाटल्या आज आणखी चार ठिकाणी गेल्या आहेत. तिकडे बरोबर भरल्या. तुमचं माप एकदा तपासून घेता का?"

अंकुशच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मापात खोट आहे असं कोणी म्हटलं की माणूस कसा लाल होतो, हे त्याने आजवर फक्त समोरून पाहिलं होतं.

"माझं यंत्र मी रोज सकाळी तपासतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ते खरं होतं. तपासणीसाठी एक ठरलेला किरणोत्सारी तुकडा असतो, त्याची स्वतःची दांडी असते. तो विहिरीत सोडायचा. आकडा ठरलेला आला की यंत्र शहाणं. आज सकाळीही ते शहाणंच होतं.

डॉक्टर कामिनी दुपारी दीडला खोलीत आल्या. बाई शांत, पण त्या शांत झाल्या की अंकुशला जास्त भीती वाटायची.

"पुढची खेप कधी?"

"पंधरा दिवसांनी, मॅडम."

"म्हणजे अजून पंधरा दिवस गोळ्या बंद. अंकुश, त्यांची नाडी अठ्ठेचाळीसवर आली आहे. आज सकाळी संडासला जाताना भिंत धरून बसल्या खाली. सकाळपासून उपाशी आहेत त्या."

"नियम आहे, मॅडम."

"नियम मला माहीत आहे. औषध खरंच कमी आहे, की माप चुकतंय, एवढंच मला हवंय. मी अंदाजानं पाजणार नाही. चार वाजेपर्यंत थांबते. नाही सापडलं तर त्यांना घरी पाठवावं लागेल." त्या दारापर्यंत गेल्या. "आणि ते तू सांग त्यांना. आकडा तुझा आहे."

सखाबाई स्वेटरवर चादर ओढून बसली होती. अंकुश खाटेपासून दोन हातांवर उभा राहिला. त्याने वाक्य तयार करून आणलं होतं, ते तोंडातच सुटं झालं.

"सखाबाई, आज औषध देता येत नाही असं दिसते."

"काहून?"

"मापात कमी भरलं. शंभराले बारा कमी."

तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. हल्ली तिला प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा. "रस्त्यात कोनं काढलं असन."

"सील असते त्याले. कोणी काढू शकत नाही."

"मंग तुमचा काटा?"

"काटा बरोबर आहे. रोज सकाळी तपासतो."

"कोन तपासते?"

"मीच."

"मी बी रोज सकाळी मीच तपासत होती," सखाबाई म्हणाली. "तुमाले पटत नव्हतं."

अंकुशने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"मंग आता काय करू? घरी जाऊ?"

"पंधरा दिवस. मग नवीन औषध येईन."

"पंधरा दिवस अशीच?" तिने हात पुढे केले. बोटं सुजून अंगठ्यासारखी झाली होती. "साहेब, मले रातीले स्वतःचा श्वास मोजाव लागते. बंद पडला का काय मून. नातीले उचलून घेता येत नाही. मले जमनार नाही जी आता." एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

अंकुश बाहेर आला आणि जनरेटरच्या मागे, जिथे कोणी येत नाही, तिथे जाऊन उभा राहिला. त्याला लाज वाटत होती. नेमकी कशाची ते त्याला सांगता येत नव्हतं, आणि जे नेमकं सांगता येत नाही ते त्याला नेहमीच जास्त छळायचं. या बाईला आपण चार वर्षं भर बाजारात खोटं ठरवलं, आणि आज तिच्या जिवाचं एकुलतं एक माप आपल्या हातात आलं, तर आपण तिला नियम सांगून आलो. दुसऱ्या यंत्रावर मोजून पाहावं, तर तसलं यंत्र नागपूरच्या अलीकडे नव्हतं, आणि असली बाटली परवान्याशिवाय गाडीत टाकून हिंडवता येत नाही.

अशा वेळी माणूस देवाला हाक मारतो. अंकुशच्या घरात देव नव्हता, यादोराव होते. त्याने फोन लावला.

"बाबा, तिकडून माल कमी आला. बारा टक्के."

"सीलबंद होता?"

"हो."

"बाकीच्या गिऱ्हाइकांले?"

"त्यांले बरोबर भरला म्हणतात. खोटं बोलून राहिले असतीन."

यादोरावांनी यावर मत दिलं नाही. त्यांना दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. "पळी कशी चालते? हलते तं नाही ना?"

"मस्त चालते, बाबा. सगळे पाहून चाट पडले."

"तुटाची नाही आता. मले प्लास्टिकवर भरोसा नाही, म्हणून दीड एमएमचं पितळ टाकलं. पूर्ण वाटीभोवती. मायक्रोमीटरनं पाहिलं, चौफेर दीड. एक पॉइंट पाच शून्य."

अंकुशला गेले पंधरा दिवस ते कडं रोज दिसत होतं. त्याने ते हाताळलं होतं, कौतुकाने पुसलं होतं, लोकांना दाखवलं होतं. ते पितळ आहे हे मात्र त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्याला त्यात बाबाच दिसायचे. पण आकडा ऐकला आणि डोकं आपोआप चालायला लागलं. आयोडीनचे किरण, दीड मिलिमीटर पितळ, किती अडतील? दहा टक्के. बारा. तेराच्या आत. तपासणीचा तुकडा स्वतःच्या दांडीवर जातो, त्याला हे कडं लागतच नाही, म्हणून यंत्र रोज सकाळी शहाणं. या विषयात त्याला विद्यापीठात त्र्याण्णव गुण होते. राहिलेले सात कशाचे गेले होते, ते आता कळलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. इथे तर अंकुशने कळसा हातात धरून, चकचकीत पुसून, सगळ्या गावाला दाखवला होता आणि मग अकरा जणांना पत्र लिहून चोरी झाल्याचं कळवलं होतं.

"बाबा, ठेवतो," तो म्हणाला आणि धावला. तो धावताना कोणी पाहिला नव्हता. चौकीदार उठून उभा राहिला.

खुशबू यंत्राच्या खोलीत वही घेऊन बसलेली होती. "हेक्साब्लेड कुठे मिळेल?" अंकुशने विचारलं. "कडं काढायचं आहे. पितळ किरण अडवतंय."

खुशबू लगेच उठली नाही. "सर, मी पळी आली तेव्हाच म्हणणार होते."

"काय?"

"हेच. की पितळ आहे, एकदा मोजून पाहू. पण तुम्ही म्हणालात, बाबांनी केलंय." ती खाली पाहत होती. "मग मला वाटलं, तुम्ही पाहिलंच असेल."

ज्या पोरीला आपण दोन वर्षं फक्त आकडे उतरवायला बसवलं, तिला जे दिसलं ते आपल्याला दिसलं नाही, आणि तिने सांगितलं नाही यात चूक तिची नव्हती. देखभाल विभागातून तिनेच ब्लेड आणलं.

पळी टेबलावर धरून अंकुश कडं कापायला लागला. पितळ मऊ, पण यादोरावांनी ते असं बसवलं होतं की ते सोडायला तयार नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. खुशबूने तो उचलून स्पीकरवर टाकला, कारण त्याचे दोन्ही हात गुंतले होते.

"मघाशी मधातच काहून ठेवला?" यादोराव विचारत होते. "अन् हा आवाज कायचा? काय कापून राहिला?"

अंकुशचा हात थांबला. खोटं बोलायला त्याला एक क्षण पुरला असता. "तुमचं कडं, बाबा."

त्याने ब्लेड टेबलावर ठेवलं.

"पितळानं किरण अडते. म्हणून माप कमी दिसत होतं. माल बरोबर होता. तुमचं काम चुकलं नाही, बाबा. तुमाले हे माहीत असाचं कारण नव्हतं. मले होतं. मी पाहिलंच नाही."

छत्तीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाचा श्वास फोनवर ऐकू येत होता. मग यादोराव म्हणाले, "ब्लेड सरळ धर. वाकडं कापशीन तं प्लास्टिकले चीर जाईन." पुढे म्हणाले, "सांध्यापासून सुरू कर. तिथं पातळ केलं आहे मी, घासून. घाई नको करू."

त्यांनी फोन ठेवला नाही. कडं निघून टेबलावर पडल्याचा आवाज ऐकला, "निघालं?" एवढं विचारलं, आणि मग ठेवला.

वाटीची जुनी चीर उघडी पडली होती. तिला चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. अशी ती गबाळी पळी अंकुशने विहिरीत सोडली तेव्हा चार वाजायला आठ मिनिटं होती. आयोडीन आतापर्यंत विरून साडेनव्व्याण्णवच्या आसपास उरायला हवं होतं.

नव्व्याण्णव पॉइंट एक.

तो धावतच वॉर्डात गेला. डॉक्टर कामिनी सखाबाईच्या खाटेशी होत्या. त्याने एका दमात सांगितलं, कडं, पितळ, सगळं. ऐकताना डॉक्टरांनी एकदा डोळे मिटून घेतले, पण रागावल्या नाहीत. अंकुश मग सखाबाईकडे वळला. हे वाक्य त्याने तयार केलं नव्हतं.

"सखाबाई, औषध बरोबरच होतं. माझं माप खोटं होतं. माझ्या चुकीनं तुमाले सकाळपासून उपाशी बसवलं, अन् घरी जा म्हटलं. माफ करा."

सखाबाईने ऐकून घेतलं. "मंग आता भरलं?"

"भरलं. नव्व्याण्णवच्या वर."

"कोनं मोजलं?"

"मी," अंकुश म्हणाला, आणि म्हणताच त्याला आपलं दुपारचं 'मीच' आठवलं.

सखाबाई त्याला अडवत नव्हती, आणि प्यायला तयारही नव्हती. तिने दाराकडे पाहिलं, तिथे खुशबू वही घेऊन उभी होती. "ते पोरगी मोजते काय?"

"मोजते," अंकुश म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं मोजते."

खुशबूने त्याच्याकडे पाहिलं. त्याने वही तिच्या हातातून घेतली आणि यंत्राच्या खोलीचं दार तिच्यासाठी उघडलं. स्वतः बाहेर राहिला. आत न जाता दारापाशी उभं राहणं इतकं कठीण असेल असं त्याला वाटलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत कळेना. आधी खिशात घातले, मग पाठीमागे, शेवटी वहीवर. आत पळी विहिरीत उतरल्याचा बारीक टक्क आवाज आला, आणि बराच वेळ काही नाही. ती तीनदा मोजत होती. बरोबर करत होती. त्याच्या तोंडावर 'घाई करू नकोस' आलं होतं, ते त्याने गिळलं.

ती बाहेर आली, त्याच्यापाशी थांबली नाही, सरळ सखाबाईकडे गेली. "मावशी, नव्व्याण्णव पॉइंट सहा."

"हं," सखाबाई म्हणाली. "आना मंग."

आकडे दोन झाले होते. नोंदवहीत कोणता लिहायचा, असं डॉक्टरांनी विचारलं. अंकुशने खुशबूचा लिहिला आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव. शेऱ्याच्या रकान्यात त्याने सहा ओळी लिहिल्या, ज्या नंतर त्या अकरा जणांनाही पाठवाव्या लागणार होत्या. त्यातली दुसरी ओळ 'मापातील ढिसाळपणा माझा होता' अशी होती. 'अक्षम्य' हा शब्द त्याने आधी लिहिला, खोडला, आणि पुन्हा लिहिला.

औषध पाजायची खोली शिशाच्या भिंतींची. बाटली तिच्या जाड डब्यातच ठेवायची, झाकणाच्या भोकातून नळी सोडायची, आणि रुग्णाने तिच्यातून औषध ओढून प्यायचं. त्यानंतर अंगातून किरण निघत असल्यामुळे तीन-चार दिवस रुग्णाजवळ कोणी जात नाही. अंकुश शिशाच्या पडद्याआड उभा राहिला, काचेतून दिसेल असा. सखाबाईने नळी हातात घेतली आणि तशीच थांबली.

"काय झालं?"

"एवढ्यानं बरी होईन ना मी?"

अंकुशकडे आकडा होता. अशा रोग्यांत पहिल्या खेपेला शंभरातले किती बरे होतात, कितींना दुसरी खेप लागते, कोणत्या वयात काय होतं, सगळं त्याला पाठ होतं आणि जिभेवर आलंही होतं. बाटलीत किती आहे ते त्याचं यंत्र सांगू शकत होतं. ते या बाईच्या गळ्यात जाऊन काय करील, हे सांगणारं यंत्र नव्हतं. तिच्या सुजलेल्या बोटांत ती नळी बारीक दिसत होती. ती बरी व्हावी असं त्याला इतकं तीव्रपणे वाटलं की जिभेवरचे आकडे मागे पडले.

"व्हाल जी," तो म्हणाला.

सखाबाई काचेतून त्याच्याकडे पाहत राहिली. "मोजून सांगून राहिले का असंच?"

"असंच."

तिने थोडा विचार केला, नळी ओठांना लावली आणि तळाचा सुरसुर आवाज येईपर्यंत प्यायली.